दहा तारखेचा हप्ता

गृहकर्जाच्या अर्जाच्या सातव्या पानावर एक प्रश्न होता : ‘अर्जदाराच्या नावे सध्या दुसरे कोणते कर्ज आहे काय?’ त्यापुढच्या चौकोनात बेबीने ‘नाही’ असे लिहिले होते, आणि ते लिहिताना तिला थोडी ऐटही वाटली होती. गेल्या सात वर्षांत तिने शेजारून साखरेची वाटीसुद्धा उसनी आणली नव्हती.

कर्ज अधिकाऱ्याने ते पान तिच्याकडे फिरवले आणि पेनच्या टोपणाने त्या ‘नाही’वर हलकेच टकटक केले.

“मॅडम, इथे तुम्ही नाही म्हणताय.”

“नाहीच आहे.”

“रिपोर्टमध्ये आहे. एका पतपेढीचं. पावणेनऊ वर्षांपूर्वी मशीनसाठी घेतलेलं. पहिलं नाव तुमचं, दुसरं…” त्याने दुसरे नाव वाचून दाखवले.

ते नाव असे परक्या तोंडून, आडनावासकट, बेबीने बऱ्याच दिवसांनी ऐकले.

“अहो, ते रोलरचं कर्ज,” ती म्हणाली, जणू रोलर म्हणजे काय हे साऱ्या जगाला ठाऊक असावे. “ते त्यांच्याकडे गेलं. घटस्फोट झाला आमचा. कोर्टाच्या निकालात स्पष्ट लिहिलंय, लाँड्री त्यांची आणि लाँड्रीचं कर्जही त्यांचं. निकाल आणलाय मी, दाखवते.”

“दाखवू नका, मला पटतंय तुमचं,” अधिकारी म्हणाला. तो तरुण होता, आणि वाईट बातमी सांगण्याची सवय अजून त्याच्या आवाजाला लागली नव्हती. “पण तो निकाल तुमच्या दोघांतला. पतपेढी काही कोर्टात उभी नव्हती. तिच्याशी केलेल्या करारावर तुमची सही आहे आणि ती तशीच आहे. त्यांनी हप्ता भरला नाही, तर पतपेढी तुमच्या दारात येऊ शकते.”

“बरं, मग अर्धा हप्ता माझा धरा.”

“संयुक्त कर्जात अर्धं-अर्धं नसतं हो. दोघंही सगळ्याला बांधलेले. मला पूर्ण हप्ता तुमच्या पगारातून वजा धरावा लागतो. तो वजा केला की तुम्हाला जेवढं कर्ज हवंय, त्याच्या साठ टक्केच बसतं.” त्याने रिपोर्टचे पान उलटले. “आणि दुसरी एक गोष्ट आहे. गेल्या छत्तीस हप्त्यांपैकी एकतीस उशिरा भरलेत.”

“एकतीस?” बेबीने विचारले. शेठबद्दल, म्हणजे पूर्वीच्या नवऱ्याबद्दल, तिच्या मनात पुष्कळ तक्रारी होत्या, पण हप्ता थकवणारा माणूस म्हणून तिने त्याला कधी पाहिले नव्हते.

अधिकाऱ्याने तिला दोन वाटा सांगितल्या. एक तर उरलेले चौदा हप्ते एकरकमी भरून खाते बंद करायचे. पण तेवढे पैसे म्हणजे तिने घराच्या पहिल्या रकमेसाठी साठवलेली पुंजीच होती, ती तिकडे गेली की इकडे कर्ज मागण्यात अर्थ नव्हता. दुसरी वाट म्हणजे पतपेढीच्या संमतीने तिचे नाव त्या कर्जातून काढायचे. त्यासाठी शेठला अर्ज करावा लागेल आणि तिच्या जागी पतपेढीला चालेल असे दुसरे माणूस द्यावे लागेल. उशिराच्या हप्त्यांबद्दल लेखी खुलासा जोडला, तर साहेब कदाचित समजून घेतील.

“पुढच्या महिनाअखेरपर्यंत होईल?” बेबीने विचारले.

“ते तुमच्या मिस्टरांवर आहे.” आणि मग घाईघाईने, “म्हणजे, पूर्वीच्या.”

महिनाअखेरची मुदत घरमालकीणबाईंनी दिलेली होती. त्या आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या, आणि खालच्या मजल्यावरचा डॉक्टर रोख पैसे मोजून दवाखाना वाढवायला तयार बसला होता. तरीही घर विकत घेतेस का, असे बाईंनी आधी बेबीला विचारले होते, कारण तीन वर्षांत भाडे एकदाही पुढे-मागे झाले नव्हते. घटस्फोटानंतरचे हे चौथे घर. दोन खोल्या, एक लांबट गॅलरी, आणि लेकीच्या टेबलावर सकाळी अकरापर्यंत येणारे ऊन. पहिल्या तीन घरांतून निघताना लेकीने पुस्तकांची खोकी न कुरकुरता भरली होती. या वेळी मात्र ती म्हणाली होती, “आई, आता खोकी नकोत गं.” एवढेच. मुलगी वीस वर्षांची होती आणि हट्ट करण्याचे तिचे वय खोकी भरण्यातच निघून गेले होते.

रविवारी दुपारी बेबी लाँड्रीकडे निघाली. बसने तीन थांब्यांचे अंतर, पण ती चालत गेली. लाँड्रीच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला आधी वास आला : साबणाच्या पुडीचा, ओल्या सुती कापडाचा आणि त्याच्या पाठोपाठ तापलेल्या लोखंडाचा. रुग्णालयाच्या कापडखोलीत ती रोज सहाशे चादरी मोजून घेई आणि देई, पण त्या चादरींना औषधांचा वास असे. हा वास फक्त इथला होता, आणि तो नाकात शिरताच तिचे वय वीस-बावीस वर्षांनी कमी होऊन पुन्हा जागेवर आले.

त्या काळी लाँड्री म्हणजे एक खोली, दोन टेबले आणि दोन जड इस्त्र्या. टेबले समोरासमोर होती. ती अभ्रे करी, तो चादरी करी. लॉजवाल्यांची गाडी पाचला यायची, तोवर दोघांचे हात आणि दोघांची तोंडे सारखी चालू असायची. कोणत्या लॉजमधल्या उशीवर कसला डाग आहे, यावरून ते तिथे उतरलेल्या माणसांच्या गोष्टी रचायचे. शाईचा डाग असला की शेठ म्हणायचा, “हा बघ, प्रेमपत्र लिहितालिहिता झोपलेला.” आणि ती म्हणायची, “प्रेमपत्र कसलं, हिशेब असणार. प्रेमपत्र लिहिणारा झोपेल कसा?” दिवसाच्या शेवटी मोठ्या चादरींच्या घड्या दोघे मिळून घालायचे. लेक टेबलाखाली गठ्ठ्यावर झोपलेली असायची.

मग रोलर आला. ओली चादर एका बाजूने सरकवली की दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक, कागदासारखी बाहेर पडे. तो आणण्यासाठी ते दोघे चार वर्षे झुरले होते. बेबी तेव्हा सकाळी एका शाळेच्या कार्यालयातही नोकरी करी. पगाराचा कागद तिच्याकडे होता म्हणून कर्जात पहिले नाव तिचे लागले. ते मंजूर झाले त्या दिवशी तिने नवऱ्याला पहिल्यांदा ‘शेठ’ म्हटले. “या शेठ, बसा शेठ, आता तुम्ही कर्जबाजारी!” गल्लीने ते नाव उचलले आणि मूळचे नाव कुणाच्या लक्षातच राहिले नाही. तिचे स्वतःचेही तेच झाले होते. धाकट्या भावाने ठेवलेले ‘बेबी’ सासरी आले, आणि सासर सुटले तरी सेहेचाळिसाव्या वर्षीही तिला चिकटून होते.

पण रोलर बारा फूट लांब होता. चादर घालणारा एका टोकाला आणि झेलणारा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये वाफेचा व पट्ट्यांचा असा आवाज की ओरडल्याशिवाय ऐकू जाऊ नये. ओरडून बोलण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. दोन वर्षांत बोलणे आटत गेले, मग घरीही आटले. भांडण असे कधी झालेच नाही. काही हवे असले की बेबी वाट पाहायची, त्याने ओळखावे म्हणून. त्याने नाही ओळखले की “राहू द्या, बघते मी,” म्हणायची. तो ते खरे मानायचा. चौदा वर्षांचा संसार एवढ्याशा गोष्टीने मोडला, हे वकिलालासुद्धा पटले नव्हते. त्याने तीनदा विचारले होते, “मारहाण? दुसरी बाई? दारू?” आणि तीनदा नाही म्हटल्यावर कागदावर ‘मतभेद’ असे लिहिले होते.

दार उघडे होते. रोलर बंद होता आणि त्याच्या टोकाशी घड्या न घातलेल्या चादरींचा ढीग पडला होता. शेठ एकटाच एका डबल चादरीशी झटत होता. एक टोक हनुवटीखाली दाबलेले, दुसरे हाताच्या पल्ल्याबाहेर. त्याचे केस पार पांढरे झाले होते.

“घडी घालणारी बाई रविवारी येत नाही,” तो म्हणाला. सात वर्षांत एखाद-दुसऱ्यांदा भेटणाऱ्या माणसाने याहून बरी सुरुवात करायला हवी होती, हे त्यालाही कळले असावे. “ये ना. बस. लेक बरी आहे?”

“बरी आहे. टोक द्या इकडे.”

तिने टोके पकडली. दोघे मागे सरकले, चादर ताणली, एकदा झटकली, आणि एकमेकांकडे चालत आले. तिच्या हातातली टोके त्याने घेतली, खालची घडी तिने उचलली. हे सारे कुणी कुणाला न सांगता झाले. तिसऱ्या चादरीला बेबीने कामाचे काढले.

“रोलरचा हप्ता कधी भरता तुम्ही?”

“दहा तारखेला. लॉजवाले नऊला पैसे देतात. का?”

“हप्त्याची तारीख पाच आहे.”

“असेल. पण दहाला भरतो मी. एकही हप्ता चुकवला नाही, सांगून ठेवतो. ताप होता तेव्हासुद्धा रांगेत उभा राहिलोय.”

“चुकवला नाहीत. उशिरा भरलात.”

“पाच दिवस!”

“दर महिन्याला पाच दिवस.”

“मग दंड भरत होतो ना त्याचा!”

“दंड तुम्ही भरलात. शेरा माझ्या नावावर लागलाय.” मग तिने घराचे, डॉक्टरचे आणि महिनाअखेरचे सगळे सांगितले. सांगतासांगता आणखी दोन चादरी झाल्या.

शेठ मध्येच थांबला. चादर दोघांच्या मध्ये पाळण्यासारखी लोंबत राहिली.

“पतपेढीने मला कधी कळवलं नाही,” तो म्हणाला.

“कळवलं असणार. पत्रं पाठवतातच.”

“पत्रं तुझ्या नावाची यायची.”

“मग?”

त्याने चादर तिच्या हातात दिली, गल्ल्यामागच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि दोरीने बांधलेला पाकिटांचा जुडगा टेबलावर ठेवला. सगळी पाकिटे बंद होती. सगळ्यांवर तिचे जुने, सासरचे नाव छापलेले होते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या आईचे एक पत्र शेठने गमतीने फोडले होते आणि लॉजच्या गाडीवरच्या माणसांसमोर नाटकी आवाजात वाचायला सुरुवात केली होती. दुसऱ्याच ओळीत तिच्या वडिलांच्या पिण्याची गोष्ट निघाली. बेबी दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हा तो म्हणाला होता की तुझ्या नावाचे पाकीट मी आयुष्यात पुन्हा उघडणार नाही.

“अहो, पण हे पतपेढीचं होतं!” बेबी म्हणाली. “वर छापलंय की एवढं मोठं!”

“नाव तुझं होतं.”

“मग मला पाठवायचीत.”

“तुझा पत्ता दर दोन वर्षांनी बदलायचा. वाटलं, कधी इथे आलीस तर देऊ.”

“मी म्हणत होते फोड म्हणून,” आतल्या दारातून आवाज आला. वन्सं, म्हणजे शेठची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिल्या होत्या आणि लाँड्रीची वही सांभाळत होत्या. “पण हा कसला ऐकतो! म्हणाला, शब्द दिलाय. मी म्हटलं, बायको गेली, आता शब्द कुणासाठी राखतोस? तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. ये गं बेबी. बारीक झालीस.”

सात वर्षे एक माणूस तिला दिलेला शब्द पाळत राहिला होता, आणि नेमक्या त्याच पाळण्यापायी तिचे घर हातचे जायची वेळ आली होती. राग यायला हवा होता. पण त्या दोरीची गाठ पाहून तिला जुन्या टेबलाखालचे गठ्ठे आठवले. शेठ तशीच गाठ मारायचा, एका ओढीत सुटणारी.

“रोलर विकतो,” शेठ अचानक म्हणाला. “चौदा हप्त्यांपुरते येतील त्याचे. खातं बंद करून टाकू.”

“मग चादरी कशावर करणार?”

“इस्त्र्या आहेत की माळ्यावर. दोन्ही.”

“हात बघ स्वतःचे,” वन्सं म्हणाल्या. “अभ्रा उचलताना थरथरतात. म्हणे इस्त्र्या!”

बेबीने त्याच्या हातांकडे पाहिले, आणि तिच्या तोंडून सवयीने शब्द निघाले, “राहू द्या. बघते मी…”

ती तिथेच थांबली. शेठने मान हलवली होती. तो ते खरे मानून पुढची चादर उचलायला वळतही होता. चौदा वर्षे हे असेच घडत आले होते, आणि आताही तो वळला की ती पर्स उचलून निघून जाणार, डॉक्टर भिंत पाडणार आणि लेक खोकी शोधायला दुकानात जाणार, हे तिला लख्ख दिसले.

“नाही,” ती जरा मोठ्यानेच म्हणाली. “राहू द्यायचं नाही. मला ते घर हवंय. तुम्ही ओळखायची मी वाट बघणार नाही, सांगूनच टाकते. रोलर विकू नका. पतपेढीत अर्ज करा, माझं नाव काढा आणि वन्संचं घाला. त्यांना पेन्शन आहे, पतपेढीला चालेल. आणि उशीर कसा झाला ते तुमच्या हाताने लिहून द्या. या आठवड्यात.”



“माझं नाव घाला म्हणे,” वन्सं म्हणाल्या. “मला विचारलंस?”

“आता विचारतेय, वन्सं. घालाल का?”

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. “चौदा वर्षं या घरात होतीस, एकदाही काही मागितलं नाहीस. मला आपलं वाटायचं, शिष्ट आहे. सुरुवातीलाच मागायला शिकली असतीस, तर मला म्हातारपणी कर्जदार व्हावं लागलं नसतं.” मग भावाकडे वळून, “उभा काय राहिलास? कागद आण. आणि पुढच्या महिन्यापासून पाच तारीख. लॉजवाले देवोत न देवोत, माझ्या पेन्शनीतून जाईल. मला नको ते शेरे.”

शेठने तिथेच बसून खुलासा लिहिला. त्याला चार ओळींना अर्धा तास लागला. ‘हप्ते उशिरा भरण्यात सदर बाईंचा काहीही दोष नाही. सूचनेची पत्रे त्यांच्या नावे असल्यामुळे मी उघडली नाहीत, कारण आमच्या घरी तशी पद्धत होती.’ ‘होती’च्या आधी त्याने ‘आहे’ लिहून खोडले होते.

गुरुवारी तिघे पतपेढीत गेले. व्यवस्थापकाने वन्संचा पेन्शनचा कागद पाहिला, शेठची वही पाहिली, आणि फारशी खळखळ न करता बदल मान्य केला. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. नाव काढण्याच्या अर्जावर बेबीची सही हवी होती आणि ती नमुन्याच्या कार्डावरच्या सहीशी जुळायला हवी होती. बेबीने घटस्फोटानंतर नाव बदलले होते, त्याबरोबर सहीही.

“जुनी करा,” व्यवस्थापक म्हणाले. “त्याशिवाय मला पुढे पाठवता येत नाही.”

तिने केली. त्यांनी कार्डाशी ताडून नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा केली, तीही तशीच. तिला ती सही आठवतच नव्हती. त्या नावाची बाई कशी लिहायची, हे तिच्या हातातून पुसले गेले होते.

“घाई करतेस,” शेठ म्हणाला. तो तिच्या मागे उभा होता. “आधी मोठा गोल काढायचीस. मग हात न उचलता शेवटपर्यंत. शेवटी रेघ मागे ओढायचीस, अशी, आणि खाली दोन टिंबं.”

“दोन? कशाला?”

“मी विचारलं होतं. म्हणालीस, एक कमी दिसतं.”

त्याने पावतीच्या पाठीवर बोटाने, मग पेन घेऊन ती सही काढून दाखवली. हात थरथरत होता तरी वळण बरोबर होते. व्यवस्थापक कार्डाकडे आणि पावतीकडे पाहत म्हणाले, “अहो, तुमची तर हुबेहूब आली. पण तुमची चालणार नाही.”

वन्सं खुदकन हसल्या. बेबीने पावती समोर ठेवली आणि सावकाश सही केली : मोठा गोल, न उचललेला हात, मागे ओढलेली रेघ, दोन टिंबे. लाँड्रीच्या पहिल्या परवान्यावर, लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर, रोलरच्या कागदावर तिने हेच केले होते. व्यवस्थापकांनी शिक्का मारला आणि तिच्या नावावरून लाल शाईची सरळ रेघ ओढली. शेठ त्या रेघेकडे पाहत राहिला, मग खिडकीकडे.

बाहेर पायरीवर तो म्हणाला, “बँकेत येऊ का बरोबर? खुलाशाबद्दल काही विचारलं तर?”

“नको. लिहिलंय तेवढं पुरे आहे,” ती म्हणाली, आणि पायरी उतरताना, “छान लिहिलंय.”

बँकेने सोळा दिवस घेतले. कर्ज अधिकाऱ्याने तो खुलासा साहेबांना वाचून दाखवला तेव्हा साहेब हसले होते म्हणे, आणि मग तो त्यांनी स्वतः पुन्हा एकदा वाचला होता. उशिराचे शेरे पुसले गेले नाहीत. त्यांच्यापायी व्याज अर्ध्या टक्क्याने जास्त लागले आणि रक्कमही थोडी कमी आली. ती तूट भाड्यासारखी वर्षभरात फेडायला घरमालकीणबाईंनी होकार दिला आणि डॉक्टरला नकार कळवला. महिना संपायला तेव्हा चार दिवस होते.

करार एकोणीस पानांचा होता आणि प्रत्येक पानावर सही करायची होती. अधिकारी पाने उलटत होता, बेबी सह्या करत होती. सातव्या की आठव्या पानाशी तो थांबला.

“मॅडम, ही वेगळी आलीय.”

बेबीने वाकून पाहिले. पानाच्या तळाशी मोठा गोल होता, मागे ओढलेली रेघ होती आणि खाली दोन टिंबे होती.

“असू द्या, मी नवीन पान काढतो,” अधिकारी म्हणाला आणि छपाईयंत्राकडे गेला.

तो परत येईपर्यंत तिने ते पान हातात धरून ठेवले. त्याने नवे पान समोर ठेवले तसे तिने जुने त्याच्याकडे दिले, पेन नीट धरले, आणि उरलेल्या पानांवर एकेक सही, प्रत्येकीकडे नीट पाहत, करत गेली.